ओट्याची उंची

प्रिय सरकार,

काल कागदांवर सह्या झाल्या. घर आपलं झालं, आधी तोंड गोड कर!

खिडकीखाली खाडी आहे. घाबरू नकोस, भरतीचं पाणी पायरीलाही लागत नाही. गल्ली इतकी शांत, की आपल्याच खोकल्याने दचकायला होतं. खोकला साधाच आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? इथे जिना नाही म्हणावं.

स्वयंपाकघराचा ओटा बांधायला आलेल्या मिस्त्रीने विचारलं, "वहिनी किती उंच?" मी ऐटीत हात खांद्याशी नेला, मग हनुवटीशी, आणि तिथेच अडखळलो. सहा वर्षं लांब राहून तुझी उंचीच विसरलो गं. तो हसला, मी मात्र त्याला घरी पाठवलं.

माप लिहून पाठवू नकोस. काम थांबवलंय. येऊन समोर उभी राहा.

तुझाच,
विसरभोळा