जागा भरायला घातलेला फोटो

तळेगाव, मंगळवार

प्रिय प्रेरणा,

फोनवर तू विचारतेस आणि मी ‘छान आहे गं, कळवते’ म्हणून ठेवून देते. तुझा आवाज कानात असला की मला खरं बोलता येत नाही, म्हणून आज कागद घेतला. कुरियरने उद्याच पोचेल.

आमच्या तांदूळ गटाच्या वेबसाइटचे तू पाठवलेले दोन्ही नमुने मी रोज बघते. शाळेच्या कार्यालयात दाखले लिहितानाही मधेच मोबाइल उघडते. ही नुसती कल्पना आहे, असं तू समजावलं होतंस. रंग, अक्षरं, कुठे काय येईल एवढंच बघायचं. मजकूर आणि फोटो जागा भरायला घातलेत. गटातल्या बायकांना दाखव, त्या काय म्हणतात ते आत्ताच कळव, एकदा बांधायला घेतलं की बदल जड जातात. मला ते नीट कळलं होतं.

पहिल्या नमुन्यात तू शेताचा फोटो टाकलास, तो गव्हाचा आहे. आंदर मावळातल्या बायका तांदळाच्या पानावर गहू बघून दोन दिवस हसल्या असत्या. दुसरा, मातकट रंगाचा, खरंच सुंदर आहे. त्यात वर मोठा फोटो माझा आहे, आपण कार्ल्याला गेलो होतो तेव्हाचा, आणि खाली लिहिलंय, ‘हिने सुरुवात केली’. तुझ्याकडे तेवढाच फोटो होता, हे मला माहीत आहे.

सुरुवात झुंबरमावशींनी केली. सगळे नवं बियाणं आणत होते तेव्हा आंबेमोहोराचं बी त्यांनी जपलं. एसटी दिवसातून दोनदा, म्हणून वाड्या-वाड्या पायी फिरून चौदा बायका गोळा केल्या. मी फक्त शनिवारी जाऊन गटाचे अर्ज लिहिते. बावीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहीत आलेली बाई मी. स्वतःला एवढं मोठं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या दाखवू. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं.

असे तीन शनिवार गेले. मावशी विचारतात आणि मी म्हणते, प्रेरणाकडूनच आलं नाही अजून. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, “तुजी मैत्रीन लय कामात दिसती. आमचं भात झोडून झालं, तिचं चित्र काय येईना.” बाकीच्या हसल्या, मीही हसले. मग मावशींनीच तुझी बाजू घेतली. “आसू दे गं, शहरातल्या माणसाला कुटली सवड.” तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते.

येत्या शनिवारी तू पहिल्यांदा मावशींच्या गावात येणार. उशीर तुझ्यामुळे झाला, असं तिथे चौदाही जणी धरून बसल्यात. तो माझ्यामुळे झाला. तू येण्याआधी, गुरुवारी, रजा टाकून मी तिथे जातेय. दोन्ही नमुने दाखवणार आहे, माझ्या फोटोसकट. तो तू आधीच नमुन्यातून वगळून पाठवलास तर कुणालाच काही कळणार नाही, आणि मला नेमकं तेच हवंसं वाटतंय, म्हणून वगळू नकोस. शनिवारी मी गटात असेन की नाही ते मावशी ठरवतील. तू मात्र ये, कॅमेरा घेऊन ये. मावशींचा आजवर आधार कार्डावरचा तेवढा एक फोटो आहे. पदर सारखा करायला त्यांना जरा वेळ दे.

तुझीच,
सारिका