रंगाचे दोन हात

मी, विमल सुधाकर पोतनीस, राहणार बेहाला, कोलकाता, वय पंच्याहत्तरीच्या पुढं (नक्की किती, ते शाळेच्या दाखल्यात एक आणि आईच्या तोंडी दुसरंच होतं), हे मृत्युपत्र शुद्धीत राहून, चष्मा लावून, स्वतःच्या हातानं लिहिते आहे. कुणी धाक घातलेला नाही. धाक घालायचा हक्क एकाच माणसाला होता आणि तो झुरळाला भ्यायचा.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल तर ते रद्द समजावं. हे वाक्य विवेक वकिलांच्या सांगण्यावरून घातलं आहे.

वकील म्हणाले, "मावशी, इंग्रजीत करू. मुलांना सोपं पडेल." म्हटलं, सोपंच तर पडायला नको आहे. माझा मुलगा सलील मराठी वाचतो, पण निम्मे शब्द त्याला कळत नाहीत. माझी मुलगी मंजुषा, तिला सगळे शब्द कळतात, पण वाचायला बसली की दुसऱ्या ओळीवर जांभई. तेव्हा यानं मोठ्यानं वाचायचं आणि तिनं अर्थ सांगायचा. दुसरा मार्ग मी ठेवलेला नाही. वाच रे सलील, पुढं वाच.

कलम पहिलं. बँकेत जे आहे ते दोघांना निम्मं निम्मं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

कलम दुसरं. माझ्या बांगड्या आणि रंगाच्या दुकानातून आणलेलं शेडकार्ड नात ऋचाला. बांगड्या तिनं मोडल्या तरी चालतील, शेडकार्ड जपावं. एकाच पांढऱ्याला त्यात जितकी नावं आहेत, तेवढी आमच्या गावात माणसांनासुद्धा नव्हती.

कलम तिसरं. लाकडी शिडी शेजारच्या रीनादींना. तशीही ती त्यांच्याकडंच असते. आमच्या भिंतीची ओल त्यांच्या भिंतीत गेली असं त्या गल्लीभर सांगतात, ते मी माफ केलं. शिडी मात्र परत मागायला कुणी जाऊ नये, मिळणार नाही.

कलम चौथं, म्हणजे घर. इथंच माझं चित्त ठरत नाही. हे कलम लिहायला बसले की मी उठते, मागच्या खोलीत जाते, भिंतीला तळवा लावते आणि परत येते. आताही जाऊन आले. पलंगाच्या डोक्याशी रंगाला नवा फुगा आलाय, काल नव्हता. तो माझा आहे, मी गेल्याशिवाय कुणी नखानं फोडू नये.

घराचं सांगायचं तर रंगापासून सांगावं लागतं. यांची नोकरी गार्डन रीचला, रेल्वेच्या ऑफिसात. पूजेच्या आधी दरवर्षी घराला स्वस्तातला डिस्टेंपर. मी म्हणायची, "अहो, एकदाच चांगला उंची रंग लावा, दरवर्षीची ही धुळवड थांबेल." ते म्हणायचे, "थांबली तर कपाटं हलणार कधी? कपाटामागं काय काय साठतं ते वर्षातून एकदा बघावं माणसानं." पाठ टेकली की पाठ पांढरी. आम्हा चौघांना गल्लीत पाठीवरून ओळखत.

मग सलीलला नोकरी लागली आणि पहिल्या पगारात त्यानं उंची इमल्शनचा डबा पाठवला, पिस्त्याच्या रंगाचा. हे ऑफिसात, निमाई मिस्त्री दारात, आणि माझं बंगाली तेव्हा कच्चं. त्यानं विचारलं, "कॉतोटा देबो, बौदी?" किती देऊ, वहिनी? मी ऐटीत म्हटलं, "दुई हात दाओ." "नीच थेके?" खालून? म्हटलं, "हॅं हॅं, खालून नाही तर काय वरून?" आणि रीनादींकडं चहाला गेले.

आपल्याकडं रंगाचा एक हात म्हणजे एक थर. बंगाल्यांचा हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचं माप. परत येऊन बघते तर खालच्या दोन्ही खोल्यांना जमिनीपासून दोन हात उंचीचा पिस्ता पट्टा, सुतात, आणि वर तोच जुना पांढरा. निमाईनं काम अगदी सांगितल्याप्रमाणं केलं होतं. उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून गच्चीवरचा संडास आतून पूर्ण रंगवला होता. एवढा उंची संडास त्या वर्षी सगळ्या बेहाल्यात दुसरा नसेल.

हे घरी आले, बघतच राहिले. म्हणाले, "विमल, भिंतींना परकर नेसवलास होय?" आणि हसत खाली बसले. सलील आला तो मात्र हसला नाही. पहिल्या पगाराचा रंग संडासात गेला, हे त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही. सलील, इथं थांबू नकोस, वाच.

पण त्या चुकीनं मला जे कळलं ते कुठला दुकानदार सांगत नाही. इथल्या जमिनीतून भिंतीला खारट ओल चढते. इथले लोक तिला नोना म्हणतात, गावाकडं आपण लोणा म्हणायचो. खालच्या खोल्यांत त्या उंची रंगाखाली ती ओल कोंडली आणि पहिल्याच पावसात पट्टाभर पुऱ्या फुगल्या. वरचा स्वस्त डिस्टेंपर पिठासारखा झडत राहिला, पण फुगला नाही, कारण त्यातून ओल बाहेर पडते. आणि गच्चीवरचा संडास? तिथं ऊन, वारा, कोरडी भिंत. तोच डबा, तोच मिस्त्री, आणि तो अजून ओल्या फडक्यानं पुसला की लखलखतो. स्वस्त रंग वाईट नाही, महाग खोटा नाही. भिंत कुठली ते आधी विचारा.

हे मी तुम्हा दोघांना सांगायला जाते तर तुम्ही ऐकता कुठं. हे गेल्यावर पहिल्या पूजेला मंजूनं परकराच्या वर स्वस्तातला डिस्टेंपर लावून घेतला. सलील बंगळूरहून आला, काळा शर्ट घालून भिंतीला टेकला.

"मंजू, बाबांच्या घराला नुसतं पीठ फासलंस!"

"तू लांबून डबे पाठवतोस. भिंतीला कधी हात लावून बघितलास? ओली आहे ती."

"मग पाडूया ना. प्रोमोटर तयार आहे, आईला वर चांगला फ्लॅट देईल."

"बाबांची भिंत आहे, सलील."

"बाबांची भिंत माझ्या पाठीवर आलीय, बघ!"

मी हसले. मीच एकटी. त्या दिवसापासून बहीण इथून जवळच बजबजला, भाऊ बंगळूरला, आणि बोलणं माझ्यामार्फत. "आई, त्याला सांग कागद पाठव म्हणावं." "आई, तिला सांग सही करायचीय." भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा माझ्या हाती येते आणि माझ्याच हातून जाते. मी काही कमी नाही, मध्ये थोडं मीठमसाला घालते. सलीलनं "बरं" म्हटलं की मी मंजूला सांगते, "दादा तुझी आठवण काढत होता." तिनं "हूं" म्हटलं की त्याला सांगते, "मंजूनं तुझ्या आवडीचे अनारसे करून ठेवलेत." मग ते अनारसे मलाच तळून पाठवावे लागतात. सलील, तुला आलेले सगळे अनारसे माझे होते.

पण मी गेल्यावर निरोप कोण नेणार? ह्याच एका गोष्टीनं मला बसवत नाही. त्या बिल्डर प्रोमोटरचा माणूस परवा पुन्हा आला होता, त्याला काही मी भीत नाही, चहा पाजून परत पाठवला. भीती आहे ती तुमच्या गप्प बसण्याची. घर विकून आपापला वाटा घ्याल आणि दोन भिंतींसारखे समोरासमोर उभे राहाल, मध्ये दारसुद्धा नाही.

म्हणून चौथं कलम असं : घर दोघांचं, सारखं. पण माझं सुतक फिटलं की विकण्याचा, पाडण्याचा, कुठलाही कागद करण्याआधी तुम्ही दोघांनी मिळून दोन खोल्या रंगवायच्या आहेत. मिस्त्री लावायचा नाही. यांचा कुंचा आणि खरवडायचा पत्रा माळ्यावर आहे, ते दोघांत सामाईक. मागच्या खोलीतला परकर खरवडून काढायचा, भिंत सुकू द्यायची आणि तिला मंजूचा स्वस्त डिस्टेंपर लावायचा. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे, कोरडं आहे, तिथं हळदीचे हात पुसले जातात, म्हणून तिथं सलीलचा उंची रंग. दोन्हीकडं पहिला हात सलीलचा, दुसरा मंजूचा. हात म्हणजे थर. माप नव्हे, मारामारीही नव्हे. मंजू, हे त्याला नीट समजावून सांग.

वकील म्हणाले, "मावशी, ही अट कोर्टात टिकेल की नाही, सांगता येत नाही." म्हटलं, कोर्टात न्यायची असेल तरी दोघांना बोलूनच न्यावी लागेल.

आणि सलील, तू आता म्हणशील, पाडायच्या घराला रंग कशाला? अरे, मलासुद्धा न्हाऊ घालून नवं लुगडं नेसवूनच न्याल ना?

नंतर खुशाल विका, पाडा, ठेवा. मी भांडायला येणार नाही. एक मात्र ध्यानात असू द्या. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, घाई केली की पहिलासुद्धा निघून येतो. आणि ह्या गावच्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्हाला रिकाम्या खोलीत बसून राहावं लागेल. भिंतीला टेकता येणार नाही, रंग ओला असेल. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसा, लहानपणी बसायचात तसे. अनारसे मात्र मंजूनं खरोखरच करावेत.

हे मृत्युपत्र वाचून, दोन ठिकाणी खोडून, समजून उमजून मी खाली सही करते आहे. कोपऱ्यात पिस्ता डाग दिसेल तो शाईचा नाही, मघाशी राहवलं नाही, तो फुगा मीच फोडला.

विमल सुधाकर पोतनीस

साक्षीदार :
१. रीना मजुमदार, शेजारी. (मराठी येत नाही. मजकूर बंगालीत सांगितला. शिडीचं कलम दोनदा सांगायला लावलं.)
२. जयप्रकाश तिवारी, औषधांचे दुकानदार, बेहाला.

मजकूर पाहिला : विवेक दाणी, वकील

ठिकाण : बेहाला, कोलकाता
दिनांक : ७ ऑक्टोबर २०२५, कोजागिरीचा दुसरा दिवस. हवा दमट, भिंत अजून ओली.