काकूंच्या रुखवतातले डबे

आई, काही शिकवताना तू गप्प बसायचीस, आणि त्याचा मला फार राग यायचा. बाबांनी मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला तो काळा लोहचुंबक माझ्या हातात देऊन तू खुशाल भाजी चिरत बसलीस. भोपाळच्या कारखान्याच्या क्वार्टरमधलं आपलं चिंचोळं स्वयंपाकघर, आणि मी फरशीवर दोन ढीग करतेय. किल्ली, टाचण्या, सांडशी इकडे. पितळी वाटी, लाकडी रवी तिकडे. स्टीलचा पेला काही केल्या चिकटेना, तेव्हा मी रडकुंडीला आले, चुंबक मेला म्हणून. तू हसून म्हणालीस, चांगलं स्टील चिकटत नाही, हलकं चिकटतं. एवढं एकच वाक्य तू सांगितलंस आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

शेजारच्या ग्वाल्हेरकडच्या काकूंच्या मुलीचं लग्न होतं. पुढच्या खोलीत रुखवत मांडलंय, बायका कौतुकाने बघतायत, आणि काकूंनी टी. टी. नगरच्या बाजारातून हौसेने आणलेल्या एकेका डब्याला मी चुंबक लावतेय. सगळे चिकटले. मी आनंदाने जाहीर केलं, की आई म्हणते हे हलकं स्टील. काकू मान खाली घालून एकच डबा पदराने पुसत राहिल्या. आता त्या आपल्याशी कधी बोलणार नाहीत, एवढं मलाही कळलं.

तू मला रागावली नाहीस. तडक घरी गेलीस, तुझा माहेरचा पिठाचा डबा रिकामा करून आणलास आणि माझ्यापुढे धरलास.

"लाव."

टक्कन चिकटला.

"माझ्या आईने दिलाय," तू सगळ्यांसमोर म्हणालीस. "रोज ह्यातलंच पीठ खातो आम्ही."

काकूंना हसू आणि रडू एकदमच आलं. "अगं, झटकून तरी आणायचास," त्या म्हणाल्या, "पूरी साडी खराब केलीस." मग माझ्याकडे वळून, "चल बेटा, आता परात पण चेक कर." लग्नात पंगतीला तू त्यांच्याच शेजारी बसली होतीस. मला तेव्हा तुझा किती अभिमान वाटला, ते सांगायचं राहून गेलं.

आज चार वर्षांच्या नातीला मी चुंबक दिला. घरातलं सगळं लावून झाल्यावर ती शेजारच्यांची भांडी बघायला दाराकडे धावली, आणि मी तिला अडवलं. ओरडतील म्हणून सांगितलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. शेजारी कोण राहतं, तेच मला माहीत नाही.