इंदुबाईंचं जांभळं तेल

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
मंगळवार दुपार, मार्च २००८

प्रिय नीलिमा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या दादाच्या हातात पेजेचा डबा दिलाय, त्याच पिशवीत हे पाकीट आहे. पेज ओवीला थोडी थोडी भरव. आणि पत्र एकटी असताना वाच, पण आजच वाच, संध्याकाळी डॉक्टरीणबाई फेरीला यायच्या आत. दादाला विचारू नकोस यात काय आहे म्हणून, त्याला काहीच माहीत नाही. सकाळपासून दोनदा फोन केला तुला. ताप उतरला का, पोरीनं काही खाल्लं का, एवढं विचारलं आणि ठेवून दिला. तुला वाटलं असेल वहिनीला रडू येतंय. रडू नव्हतं गं येत, तोंडच उघडत नव्हतं. दहावी पास झाल्यापासून मी कुणाला एवढं लांब पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाल. लिहिण्यातल्या घाल, बाकीच्या कशा घालशील ते मला कळत नाहीये.

काल वॉर्डातून घरी आल्यापासून ओवीचा तो पाय डोळ्यांसमोरून जात नाही. एवढीशी मांडी आणि केवढं ते बँडेज. गळू कापून पू काढला तरी ताप हटत नाही म्हणजे काय? आणि त्यातही पोरगी मला म्हणते, मामी, तेल आणलंस का? मी नाही म्हटलं तर म्हणाली, मग आजीला सांग. आजी जाऊन पाच वर्षं झाली, तिनं आजीला फोटोतच बघितलंय, पण आजीचं तेल तिला पक्कं ठाऊक. तूच सांगितलंस ना तिला, की तुझ्या आजीच्या हाताला गुण होता, आणि आता तो मामीच्या हाताला आलाय. मी तिथून उठून पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर गेले.

आईंचं तेल, लोकांच्या तोंडी इंदुबाईंचं तेल, तू लहानपणापासून बघत आलीस, मी सून म्हणून आल्यावर बघितलं. रविवारी सकाळी ओट्यावर बायका पोरं घेऊन बसलेल्या असायच्या. कुणाच्या डोक्यात फोड, कुणाच्या काखेत, कुणाचं कानामागे चिघळलेलं. ज्यानं त्यानं आपल्या घरचं खोबरेल बाटलीत आणायचं, एवढाच नियम. पैसा नाही, नारळ नाही. आई त्यात पाला टाकायच्या, बाटली पत्र्यावर उन्हात ठेवायच्या, आणि पांढरं तेल हळूहळू पिकल्या जांभळासारखं व्हायचं. मला पहिल्या वेळेला जादूच वाटली होती. अण्णांच्या घरात बौद्ध धम्माची दीक्षा झालेली, त्यामुळे आई लग्न होऊन आल्या तेव्हा अण्णांनी बजावलं होतं म्हणे, की पाला दे, पण तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं बंद. आईंनी मंत्र सोडला. एक गोष्ट मात्र त्यांनी अण्णांचं ऐकूनही सोडली नाही, ती म्हणजे झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो.

ते नाव आईंनी तुला दिलं नाही, मला दिलं. लेक परक्या घरी जाणार, नाव घराबाहेर जाईल, एवढाच त्यांचा हिशोब. तुला ते किती लागलं होतं ते मला माहीत आहे. कात्रपला सासरी जाताना तू आईंना म्हणालीस, माहेरचं मला काही नको, ते नाव तेवढं दे, आणि आई हसून विषय टाळून गेल्या. मी मागे उभी होते. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आतून गुदगुल्या झाल्या होत्या. या घरात माझं म्हणावं असं पहिलंच काही मिळालं होतं.

पण आईंनी मला नुसतं नाव नव्हतं दिलं. सोबत एक अट होती. पोराला ताप असेल, किंवा फोडाभोवती लाल पसरत चाललं असेल, तर तेलाला हात लावायचा नाही, सरळ डॉक्टरकडे धाडायचं. कितीतरी बायकांना त्यांनी ओट्यावरून परत पाठवलेलं मी बघितलंय. तेल वरच्यावरचं आहे, आतलं डॉक्टरचं, असं म्हणायच्या. बायका रुसायच्या, कुरकुरायच्या, पण आई बधायच्या नाहीत.

आता पुढचं. चहा करून आले मधेच. लिहिते.

आपल्या घरामागचा माळ गेला ते तुला माहीतच आहे. आधी जेसीबी आला, मग पत्रे ठोकले, मग बिल्डिंगीची पाटी लागली. त्यावरची आईंच्या पाल्याची झाडं एकेक करून गेली. शेवटचं एक होतं ते वॉचमनच्या केबिनशेजारी, मी त्याला सांगून ठेवलं होतं की हे तोडू देऊ नका, पण गेट बसवताना तेही गेलं. त्या वर्षी मी गोणपाट घेऊन पुढच्या गावांकडे जाऊन आले एक-दोनदा. पाय भरून आले, पाला थोडासाच मिळाला. पुढे डोंगराच्या अंगाला अजून झाडं असतील, नाहीत असं नाही. मीच शोधायचं सोडलं. हे पण लिहूनच टाकते, नाहीतर तू सगळा दोष बिल्डरला देशील आणि मी तो देऊ देईन.

आणि गंमत बघ, झाडं गेली त्याच सुमारास माणसं वाढली. बिल्डिंगीतल्या मॅडम लोक यायला लागल्या. चपला बाहेर काढून माझ्या ओट्यावर बसायच्या, ताई ताई करायच्या. मी कंपनीत पॅकिंगला होते तेव्हा मला कुणी नावानंसुद्धा हाक मारायचं नाही, ए बाई म्हणायचे. आता एखादी बँकेतली बाई रविवारी माझ्या दारात पोराला घेऊन उभी राहते म्हटल्यावर डोकं ठिकाणावर राहतंय का? एका रविवारी अशीच एक आली, पोराच्या गालावर फोड, पिवळी खपली, डॉक्टरांची औषधं करून परत परत येतात म्हणाली. आणि माझ्याकडे तेल संपलेलं. झाडच नाही तर तेल कुठलं? नाही म्हणायला पाहिजे होतं. तेवढे दोन शब्द मला जमले नाहीत.

घरात एक ट्यूब होती, नीलिमा. तुझ्या दादाच्या खाजेसाठी मी कॅम्प पाचच्या बाजारातल्या एका मेडिकलवाल्याकडून आणलेली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. कुछ भी हो, दो दिन में साफ, असं त्यानं सांगितलं होतं आणि दादाची खाज खरंच बसली होती. मी आत गेले, ट्यूब वाटीत पिळली, त्यात खोबरेल घातलं, आणि रंगाला, लहान पोरांचं तोंड आलं की लावतात ना ते मेडिकलमधलं जांभळं औषध, त्याचे थेंब टाकले. बाहेर येऊन सांगितलं की आता तेलात मेण घालून मलम करते, पोरांच्या अंगाला नीट बसतं. कुणी विचारलं नाही आत काय आहे. विचारायचंच नसतं ना. आईंनी जो नियम झाडासाठी केला, त्याच्यामागे मी ट्यूब लपवली. कुठल्या दुसऱ्या घरात हे चाललं नसतं, आपल्याच घरात चाललं.

आणि गुण आला, हेच तर वाईट झालं. दोन दिवसांत त्या पोराची लाली गेली. बाई पेढे घेऊन आली. मग काय, रविवार भरायला लागले. काही पोरांचे फोड महिन्याभरानं परत यायचे, आधीपेक्षा मोठे. मी परत डबी भरून द्यायची. मनात पाल चुकचुकायची, पण मी म्हणायचे, पोरांना उष्णता होते, आंबे खाल्ले असतील. माझी मलाच समजूत घालायची सवय लागली होती. लाज कशी ती वाटत नव्हती तेव्हा, आता सगळी एकदम वाटतेय.

ओवीचं सुरू झालं तेव्हा तू डबी न्यायला आलीस. मांडीवर एवढासा फोड होता. तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी तिला पातळ औषध दिलं होतं, ते अर्धं झालं होतं. तू मला विचारलंस, वहिनी, हे चालू ठेवू की बंद करू? मी काय सांगितलं ते तुला आठवत असेल. दोन्ही एकदम चालत नाही, असं मी म्हणाले. आई असं कधी बोलल्या नव्हत्या. मला भीती एवढीच वाटली, की औषधानं बरं झालं तर नाव औषधाचं होईल. तुझ्यासमोर मला आईंची सून राहायचं होतं. त्यासाठी मी तुझ्या लेकीचं औषध बंद केलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत ते लिहिता येत नाही.

नंतर ती डबी संपली तेव्हा तू परत मागितलीस, मी परत दिली. ताप आला तेव्हाही तू आधी मला फोन केलास. मी डॉक्टरकडे जा म्हटलं खरं, पण रात्रभर बघ, सकाळी जा, असं म्हटलं. आईंनी उभ्या उभ्या हाकललं असतं तुला दवाखान्यात.

कालचं तर तू बघितलंसच, पण तू जे बघितलंस ते खरं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पायाला काय लावत होतात, हा जांभळा डाग कसला? वर असंही म्हणाल्या, की मेडिकलमधून आणलेल्या काही ट्यूबा वरची लाली दाबून टाकतात आणि आत जंतू माजत जातात, मग साधी औषधं त्यांना जुमानत नाहीत, तसलं काही लावलंय का? तू केवढ्या तोऱ्यात सांगितलंस, आमच्याकडे असलं काही नाही, आमच्या आईचं झाडपाल्याचं आहे, नाव सांगत नसतात, पण त्यानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. त्या बाई बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, सांगितलंत तर मला मदत होईल. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी थर्मास हातात धरून खाली फरशीकडे बघत राहिले.

आणि मग बाहेर पॅसेजमध्ये तू माझा हात धरलास. तुझी पोर आत तापानं फणफणलेली, आणि तू मला म्हणतेस, "वहिनी, तू आईचा शब्द मोडू नकोस. डॉक्टर त्यांचं काय ते बघून घेतील." नीलिमा, कुणी मला भर वॉर्डात चपलेनं मारलं असतं तरी चाललं असतं. तुझा तो हात अजून माझ्या मनगटावर आहे असं वाटतंय.

रात्रभर विचार केला की आज तुझ्यासमोर येऊन सांगावं. शेवटी डबा दादाच्याच हाती दिला. भित्री आहे मी, तेही कळलं. येत्या रविवारी ओट्यावर जेवढ्या बायका येतील तेवढ्यांना मी हे सांगणार आहे, उभी राहून सांगणार आहे, जी पोरं घेऊन गेली त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे. तुझ्या दादाला आज संध्याकाळी सांगते. पण पहिलं तुला कळायला पाहिजे होतं, आणि तुझ्याकडून डॉक्टरीणबाईंना. म्हणून लिहिलं. पेजेच्या डब्याखाली, पिवळ्या रुमालात गुंडाळून ती ट्यूब ठेवली आहे, आणि जांभळ्या औषधाची बाटली पण. त्यावर सगळं छापलेलं आहे. जानेवारीपासून ओवीला रोज दोन वेळा तेच लागत होतं, आणि पातळ औषध मी मधेच बंद करायला लावलं, हे दोन्ही त्यांना सांग, माझं नाव घेऊन सांग. आणि आईंच्या झाडाचं नाव काळा कुडा. पांढरी फुलं येतात, शेंगा जोडीनं लागतात, टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, पान तोडलं की दूध येतं. आईंकडून तुला मिळायला हवं होतं, ते माझ्याकडून असं मिळतंय. त्या झाडानं तुझ्या लेकीला काहीही केलेलं नाही, ते तिच्या पायाला कधी लागलंच नाही. आता पत्र खाली ठेव आणि ट्यूब घेऊन आधी डॉक्टरीणबाईंकडे जा. माझ्यावर रागवायला तुला अख्खा जन्म पडलाय.

तुझीच म्हणवून घ्यायची लायकी नसलेली,
शीला वहिनी