साडूसाठी केलेली प्रार्थना

६ जून, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्ग यापुढे माझा साडू घेणार. ज्याला बायबलमधलं हबक्कूकचं पुस्तक अनुक्रमणिका बघितल्याशिवाय सापडत नाही, तो. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आवाज होऊ दिला नाही. दाराशी त्याचं अभिनंदन केलं. हात जरा जास्तच दाबला.
त्या वर्गावर माझा हक्क होता. कोणाला बोललो नव्हतो, पण असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. लोकांना दिसायला हव्यात.
सूड घेणार. ख्रिस्ती पद्धतीने.

७ जून, सकाळी, चष्म्याच्या दुकानात
योजना ठरली. पुढच्या महिन्यात मुलांची उपासना आहे. एकेक मूल उभं राहून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतं. माझी दोघं, थोरली आणि धाकटा, अशी करतील की साडूला तोंड लपवायला जागा उरणार नाही.
चर्चच्या माहितीपत्रकात वाचलं, मुलं उपदेशाने शिकत नाहीत, सातत्याने आणि उदाहरणाने शिकतात. उत्तम. उदाहरण घरात आहेच. सातत्य उद्यापासून. पहाटे कौटुंबिक प्रार्थना.

८ जून
पहाटे बायको आणि मुलं उठली. मला काल स्टॉकचं काम फार पडलं होतं. प्रार्थना संध्याकाळी, जेवणाआधी. तसंही अंधारात मुलांना माझा चेहरा नीट दिसला नसता.

९ जून
प्रार्थना झाली. झकास. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा असं प्रभूनेच सांगितलंय, म्हणून साडूसाठी केली. धाकट्याने विचारलं, गर्विष्ठ म्हणजे काय. सांगितलं, मावशीकडचे काका. बायकोने ताटं जरा आपटून मांडली.

१४ जून
सातत्य कडक चालू आहे. रोज साडूसाठी प्रार्थना. प्रभू, त्याला क्षमा कर, तो गर्विष्ठ आहे तरी. दुसऱ्याची जागा घेतली हे त्याला कळू दे. सावकाश कळू दे, पण सगळ्यांसमोर कळू दे. मग मी एक उसासा टाकतो. त्याने वजन येतं.
बायको म्हणाली, ही प्रार्थना आहे की फिर्याद. शिक्षणशास्त्र तिचा विषय नाही.

१७ जून, दुकानात
साडू आला होता. चष्म्याची काडी हलत होती. हसून विचारपूस केली, मुलांना वर्गात काय आवडेल म्हणून माझाच सल्ला मागितला. हा त्याचा धूर्तपणा. मी त्याला बराच वेळ बसवून ठेवलं, मग काडी बसवून दिली. स्क्रू मात्र पूर्ण आवळला नाही. विसरलो नाही. निकाल प्रभूवर सोपवला.
थोरली काउंटरच्या टोकाला गृहपाठ करत होती. तो गेल्यावर विचारलं, पप्पा, स्क्रू ढिला का ठेवला. म्हणालो, बाळा, कधीकधी माणसाला नम्र करावं लागतं. तिने मान डोलावली. पोरगी चटकन शिकते.

२२ जून
धाकटा सायकलवरून पडला. हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. सीटचा नट कोणीतरी ढिला केला होता. थोरलीने लगेच कबूल केलं. तिच्या क्रेयॉन्सवर त्याने हक्क सांगितला होता, म्हणून त्याला नम्र केलं म्हणे. रडत होती, पण चुकलं असं तिला वाटत नव्हतं.
खूप रागावलो. असलं कुठून शिकतेस म्हणून विचारलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बायको कापूस धरून उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. दवाखान्यात माणसं अशीच बघतात, काळजीने.
साडूच्या वर्गाचा परिणाम असणार.

३ जुलै
उद्या मुलांची उपासना. मी निळा कोट इस्त्री करून ठेवला. मुलांना काही शिकवलं नाही. गरजच नाही, आतून येईल.

४ जुलै, रविवार
लिहवत नाही. पण लिहितो.
आतून आलं.
थोरली पुढे गेली. हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, प्रभू, आमच्या काकांना क्षमा कर, ते गर्विष्ठ आहेत तरी. त्यांनी पप्पांची जागा घेतली हे त्यांना कळू दे. सावकाश कळू दे, पण सगळ्यांसमोर कळू दे. मग उसासा. हुबेहूब माझा. माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. धाकट्याला वाटलं, तिनेच घरी सांगितलेलं ताई विसरली. तो हनुवटीवरच्या पट्टीसकट उभा राहिला आणि म्हणाला, आणि काकांचा स्क्रू पडू दे. आमेन.
साडूने चष्मा काढला, काडी हलवून पाहिली आणि खिशात ठेवला. मला वाटलं, आता चिडेल. मंडळीसमोर चिडला असता तरी निम्मं काम झालं असतं. तर हा थोरलीसमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, बरं झालं सांगितलंस, मला खरंच माहीत नव्हतं. आणि आमेन म्हणाला.

५ जुलै, दुकानात
पाळकसाहेब आणि साडू, दोघं आले. साडू म्हणाला, वर्ग तुम्हीच घ्या, मी फक्त कोणी पुढे येईना म्हणून हो म्हटलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही एकदा बोलला असतात तर तुम्हालाच दिला असता.
वर्ग मिळाला. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही. पण समोरच्याने असा हातात आणून ठेवल्यावर सूड कसला. मी चहा मागवला. स्क्रूबद्दल त्याने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. आवळूनही दिला नाही.

११ जुलै, रविवार
माझा पहिला वर्ग. विषय, क्षमा. तयारी कडक होती.
थोरली आली नाही. मोठ्यांच्या उपासनेत आईजवळ बसू का, म्हणून तिने अगदी हळू विचारलं. म्हणालो, अगं, वर्ग आता माझा आहे. म्हणाली, हो, म्हणूनच.
धाकटा आला. पहिल्या बाकावर बसला. गोष्ट सांगत होतो तेव्हा बाकीची मुलं चित्राकडे बघत होती. हा माझ्याकडे. खडू उचलला की खडूकडे, दाराकडे पाहिलं की दाराकडे. शेवटी प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. त्याने मिटले नाहीत. मी काय करतो ते बघून मगच करणार होता.
मी तोंड उघडलं. कोणासाठी काय मागावं ते सुचेना. मुलं चुळबुळ करू लागली.
मग घंटा वाजली.