भिंतीतल्या पाइपाचा आवाज

दि. ६ सप्टेंबर

चि. चौकशी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तू मजेत आहेस असं तू फोनवर तुझ्या आईला सांगितलंस आणि वहिनीचा त्यावर काडीचाही विश्वास बसलेला नाही.

कारण वर्तमानपत्रातली बातमी. परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांना सरकारने कात्री लावली आहे, ज्यांचा विषय अग्रक्रमाच्या यादीत नाही त्यांचं दुसऱ्या वर्षाचं अनुदान बंद. वहिनीने बातमी कापून चष्म्याच्या घरात ठेवली आहे. चष्मा काढला की बातमी बाहेर पडते, मग पुन्हा वाचते. मी म्हटलं, जमिनीखालच्या पाइपाची गळती आवाजावरून शोधायची, हा तुझा विषय सरकार यादीतून कशाला काढेल? पण खरं सांगू, बत्तीस वर्षं मी पाणीखात्याची काठी कानाला लावून रस्तोरस्ती हेच करतोय, आणि मला आजवर कुठल्याच यादीत कुणी बसवलेलं नाही. म्हणून विचारतो, तुझं ठीक आहे ना?

वसतिगृह सोडून नवी खोली घेतलीस, प्रयोगशाळा जवळ पडते म्हणे. बरं केलंस. तू मला पत्रच लिहीत जा, फोनमध्ये हल्ली खरखर फार असते. आणि आपला नेम मोडू नकोस. तू सात वर्षांची होतीस, प्रश्न विचारून विचारून तुझं नाव ‘चौकशी’ पडलं, तेव्हापासून आपल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर पुस्तकातून चालत नाही, जाऊन कान लावून आणावं लागतं. तर या खेपेचा प्रश्न : तुझ्या नव्या खोलीच्या भिंतीतला पाइप काय बोलतो?

तब्येतीला जप. माया आहेच, ती वाढती राहो.
तुझा काका

*

दि. २१ सप्टेंबर

ती. काकांना,
सा. न. वि. वि. आईला सांगा, चष्म्याच्या घरात चष्माच ठेवावा. ती कात्री दुसऱ्यांसाठी आहे. माझं सगळं छान चाललंय. थंडी सुरू झाली, मोजे दोन घालते, जेवते वेळेवर.

आता पाइप. काका, काय पाइप आहे म्हणून सांगू! सकाळी सहाला सुरू होतो. आधी दोन मिनिटं पाणी भरभरून येतं, एकाच जोराने, कमी नाही की जास्त नाही. मग एकदम थांबतं आणि भिंतीत ठक्क असा ठोका बसतो. मग वीसेक मिनिटं पाइप गप्प, नुसती खालून घरघर. आणि मग सगळं पाणी एका दमात खाली जातं, तहानलेल्या माणसाने तांब्या रिकामा करावा तसं. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून चौदा वेळा मोजलं. रविवारी मात्र दिवसभर चिडीचूप. मी काचेचा ग्लास उलटा लावून ऐकते.

माझा प्रश्न : तिकडे माझ्या शाळेच्या कोपऱ्यावर पाइप वळतो, तिथे गळती नसतानाही कुजबुज ऐकू यायची. लहानपणी तुम्ही मला उचलून काठीशी कान लावू दिला होता. ती कुजबुज अजून आहे का?

आईबाबांना नमस्कार. असाच जीव लावत राहा.
आपली चौकशी

*

दि. ५ ऑक्टोबर

चि. चौकशी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पाइपाचं वर्णन तीन वेळा वाचलं. असं वर्णन आमच्या खात्यात कुणाला जमणार नाही. आणि त्यानेच तुझं पितळ उघडं पडलं.

माणसं पाणी असं वापरत नाहीत बेटा. माणूस नळ कधी जास्त सोडतो, कधी कमी, मध्येच साबण शोधतो. ठरल्या मापाने घ्यायचं, वीस मिनिटं घुसळायचं आणि एका दमात टाकून द्यायचं, हे यंत्राचं काम. राहती इमारत असती तर रविवारी सगळ्यात जास्त पाणी वाजलं असतं. तुझ्याकडे रविवारी सुट्टी. तू लाँड्रीच्या वर राहतेस. आणि चौदाच्या चौदा फेऱ्या मोजल्यास, म्हणजे दिवसभर तिथेच असतेस. मग प्रयोगशाळेत कधी जातेस? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वहिनीला काही बोललेलो नाही. पण मला खरं लिही. रागावणार नाही. म्हणजे रागावलोच आहे, पण ते उतरेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : कोपऱ्यावर गेलो, काठी टेकवली, हाताला बारीक थरथर लागली, वळणापाशी वाढली. तुझी कुजबुज आहे तिथेच. शाळेचा शिपाई विचारत होता की शाळेखाली धन सापडलं का.

माझा प्रश्न एकच : शिष्यवृत्ती बंद झाली का?

लोभ आहे, तो लपवाछपवीने आटणार नाही.
तुझा काका

*

दि. २० ऑक्टोबर

ती. काकांना,
सा. न. वि. वि. हो, बंद झाली. जुलैतच. तुम्हाला फसवायला गेले आणि पाइपाने चुगली केली. राग आला, मग खूप हसले, मग रडले. बरं वाटलं.

आमच्यातल्या अकराजणांना एकाच दिवशी एकच पत्र आलं, फक्त वरची नावं वेगळी. माझ्या शेजारच्या खोलीतली जुन्या लिपींची अभ्यासक सामान बांधून गेली, तिची सायकल अजून तिथेच आहे. मी गेले नाही. लाँड्रीवाल्या बाई कडक आहेत, पण त्यांनी वरची खोली दिली. मी चादरी यंत्रात घालते, काढते, घड्या घालते. आमच्या प्राध्यापक बाई संध्याकाळी दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवतात, नियमात नसताना. पण फी भरली नाही तर जानेवारीत माझं नाव कमी होईल. प्रयोगासाठी अर्ध्या आवाजांची नोंद झालीय काका, अर्ध्यावर सोडून यायच्या कल्पनेनेसुद्धा पोटात खड्डा पडतो.

एक वाट आहे. फेरविचाराचा अर्ज. त्याला मायदेशातल्या एखाद्या खात्याचं पत्र लागतं की या शिक्षणाची आम्हाला गरज आहे. तुमचे साहेब देतील का? डिसेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत पोचायला हवं. पैसे पाठवण्याचं मात्र नाव काढू नका, मी परत पाठवीन.

आता माझा प्रश्न. तुम्ही लिहिलंत, हाताला थरथर लागली. मी तुमची जुनी पत्रं काढून पाहिली. आधीच्या पत्रांत नेहमी असायचं, ऐकू आलं. गेली दोन वर्षं नुसतं हाताला लागलं, हाताला लागलं. असं का?

आईला सध्या काही कळू देऊ नका. तुमच्यावरच भिस्त.
आपली चौकशी

*

दि. ९ नोव्हेंबर

चि. चौकशी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. साहेबांचं पत्र काल थेट शिष्यवृत्तीच्या कचेरीच्या पत्त्यावर टपालात पडलं. मी स्वतः टाकलं आणि पेटी हलवून पाहिली. आता तुझ्या पोटातला खड्डा बुजव.

पहिल्यांदा गेलो तेव्हा साहेब नाही म्हणाले. वाईट माणूस नाही, पण हिशोबी. म्हणाले, आपल्याकडे तुम्ही आहात आणि तुमची काठी आहे, फुकटात काम होतंय, मग खात्याला शिकलेल्या माणसाची गरज आहे असं मी कुठल्या तोंडाने लिहू? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी घरी आलो, चार दिवस विचार केला आणि पुन्हा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी बसवून चहा दिला आणि लगेच पत्र लिहिलं. मी काय सांगितलं ते विचारू नकोस, मोठ्या माणसांच्या गोष्टी असतात.

सोमवारपासून मला आत टेबल मिळालंय. मीटरच्या वह्या तपासायच्या. खुर्चीला चाकं आहेत, पहिल्या दिवशी कपाटावर आपटलो. बत्तीस वर्षं उन्हातान्हात हिंडलो, आता सावलीत बसतो, वहिनी खूश आहे. काठी कपाटामागे उभी केली आहे.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर हातही कानासारखाच शहाणा असतो. सवयीचा भाग. उगाच त्यावर संशोधन करू नकोस.

माझा प्रश्न : घड्या घालताना ओल्या चादरीचा आवाज वेगळा आणि सुक्या चादरीचा वेगळा येतो का?

निकाल कळव. तोवर सगळा लोभ तुझ्या वाटेला.
तुझा काका

*

दि. १८ डिसेंबर

ती. काकांना,
सा. न. वि. वि. अर्ज मंजूर झाला. उरलेल्या वर्षाची फी सरकार भरणार, राहण्याखाण्याचं आपलं आपण. म्हणजे चादरी चालू. लाँड्रीवाल्या बाईंनी आनंदाने मला एक सकाळ सुट्टी दिली आणि ती संध्याकाळी भरून घेतली. आईला आता सगळं सांगा, बोलणी मी फोनवर खाईन.

निकालासोबत साहेबांच्या पत्राची प्रत आली. त्यात लिहिलं आहे, गळती शोधणारे आमचे एकमेव कर्मचारी यांनी आपल्याला दोन वर्षांपासून पाइपांचा आवाज ऐकू येत नसल्याचे स्वतः लेखी कळवले आहे, सबब या खात्यात आता ऐकणारे कोणी उरलेले नाही.

मी ते चादरींच्या ढिगावर बसून वाचलं. काका, तुम्ही दोन वर्षं हाताने गळत्या शोधल्यात! खणलेला एकही खड्डा कोरडा गेला नाही, एवढंच मला आई सांगायची. कुणाला कधी कळलं नसतं. निवृत्तीपर्यंत तुम्ही ती काठी घेऊन हिंडला असता. माझ्यासाठी कपाटामागे ठेवलीत. आणि मी फोनमधली खरखर खरी समजत होते! लपवण्यात आपण दोघं सारखेच निघालो, हे काही चांगलं नाही.

चादरीचं उत्तर : ओली थप्प वाजते, सुकी फर्र. अर्धवट सुकलेली काहीच बोलत नाही, तीच परत यंत्रात टाकावी लागते. हे मला बाईंनी नाही, तुम्ही शिकवलंत.

माझा प्रश्न. याचं उत्तर खरं हवं, हसण्यावारी न्यायचं नाही. आता काय ऐकू येतं?

पुष्कळ मायेने, आणि थोडी रागावूनही,
आपली चौकशी

*

दि. ४ जानेवारी

चि. चौकशी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. वहिनीला सांगितलं. तिने आधी मला झापलं, मग तुझ्या बाबांना काही कारण नसताना झापलं, मग बातमीचा कागद फाडून टाकला. माझ्याशी आता ती ओरडून बोलते, शेजाऱ्यांना आमच्या घरातलं सगळं कळतं.

खरं उत्तर मागितलंस. डावा कान मिटला. उजव्यातून माणसांचं बोलणं लांबून आल्यासारखं येतं, तेही कमी होत जाईल असं डॉक्टर म्हणाले. काठी सोडताना वाईट वाटलं, खूप वाटलं. साहेबांच्या दारातून दोनदा परत फिरलो होतो. पण बेटा, मी आणखी तीन वर्षं मला ऐकू येतं असं लोकांना भासवणार आणि त्यापायी तू ऐकायला शिकणं सोडणार, हा कुठला न्याय?

आणि तू समजतेस तशी शांतता मुळीच नाही. उजव्या कानात एक बारीक आवाज सतत चालू असतो. सुईएवढ्या भोकातून पाणी निघावं तसा, अगदी एका लयीत. पहिल्यांदा आला तेव्हा मी उठून घरातले सगळे नळ तपासले, अंगणात खड्डा उकरला, तुझ्या बाबांना कामाला लावलं. आयुष्यभर जो आवाज रस्त्यारस्त्यावर शोधला, तोच आता माझ्याकडे राहायला आलाय. मला त्याची सोबत वाटते.

म्हणून या खेपेला प्रश्न नाही, एक काम आहे. काठी मी तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. शिकून ये आणि ही एवढी एक गळती कुठे आहे ते मला ऐकून सांग.

वाट पाहतो. लोभ आहेच, तो ऐकू यायची गरज नसते.
तुझा काका