म्हातारपणासाठी एक गाव

गुरुजी, म्हातारपणी कुठं राहायचं ते एकदाचं ठरलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. केनियातल्या शाळेत गणित शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. पण फळ्यावर आकडे मांडताना मनात वाजत राहिल्या त्या ताडकळसच्या शाळेत तुम्ही टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणवून घेतलेल्या कविता. आता निवृत्त झालोय. आम्ही दोघं पेडगावला मेहुण्याकडे आलोय आणि रोज संध्याकाळी तोच एक विषय. "दाजी, ह्या वयात परदेशात कशाला जायलाव? हितंच ऱ्हावा. खोली बांधून देतो," मेहुणा म्हणतो. काल त्याची बहीण, म्हणजे आमची ही, त्याला म्हणाली, "तू ठेवशील रे. पण रेडिओवर विद्यापीठाच्या नामांतराचं लागलं, की आपल्याला बघून समोरच्या ओसरीवरचे आवाज बारीक करतेत. जलमभर तेच बघत बसू का?" मेहुणा तंबाखू मळत म्हणाला, "अक्का, आवाज बारीक करायलेत तर करू दे की. मागं दगड आले होते." तिघंही हसलो.

आम्हाला मूलबाळ नाही. दोघांपैकी एकजण मागं राहणार, हे आम्ही मोठ्यानं कधी बोललो नाही, पण जागा बघताना दोघांचीही नजर घरापेक्षा शेजारावरच जायची. मनात दोन जागा होत्या. दोन्हीकडे भाड्यानं राहून पाहिलं. पहिली केनियातच, डोंगरावर. सकाळी धुकं, जवळ ग्रंथालय, माणसं हळू बोलणारी. मी तर खिडकीशी बसून कविताच म्हणत होतो. पण हिनं परातीत भाकरी थापायला घेतली की खालच्या मजल्यावरचे म्हातारे साहेब काठीनं छत ठोकायचे. मी म्हणालो, "ठेका धरायलेत." ती म्हणाली, "मग त्यांनाच वाढा भाकरी." शेवटी मांडीवर गोधडी, तिच्यावर परात घेऊन ती थापायला लागली. तीन भाकरी मोडल्या तेव्हा मलाच हसू आवरेना, आणि तिनं मला तसंच उपाशी ठेवलं.

दुसरी जागा मॉरिशसला, समुद्राजवळच्या एका खेड्यात. ज्वारीच्या पिठाचा डबा सोबत नेलाच होता. पहिल्याच दिवशी भाकरी थापायचा आवाज ऐकून शेजारीण मागच्या दारानं थेट आत आली. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. मोडक्या मराठीत म्हणाली, "माझा आजी असाच आवाज करत होता." आणि खाली फतकल मारून तव्यावरची भाकरी स्वतःच उचलली. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की चटणी तिखट आहे का. ही तिच्याकडे बघतच राहिली. मला मात्र तुमचं घर आठवलं. तुम्ही मला पहिल्यांदा जेवायला नेलंत तो दिवस. मी सवयीनं अंगणात, भिंतीच्या कडेला बसलेला. तुम्ही दारातून ओरडता, "ऊठ तिथून. पाहुण्याला कुणी उन्हात बसवतं का? चुलीपाशी ये." तुमच्या घरच्या बाईंनी ताट वाढलं, आणि मी मान खाली घालून इतकं खाल्लं की बाई म्हणाल्या, "कवितेनं लय भूक लागती वाटतं." तसं रागावलेलं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

तर मॉरिशस ठरलं. मेहुणा रुसला, मग मानला; आता विचारतो, तिकडं म्हैस ठेवता येती का. हिनं हरखून पडद्याचं कापडसुद्धा घेतलंय. मी लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवतो, हे मात्र दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचवायची तर सोयच नाही. मी तिला सांगितलंय की ते घर मी समुद्रासाठी निवडलं. गुरुजी, तुम्हाला म्हणून सांगतो, समुद्राचा मला दोन दिवसांत कंटाळा येतो.